आधीं ऐका, मग शिव्या द्या!

गेल्या महिन्यांत आमच्या गांवीं एका बुवांचें कीर्तन झालें. पूर्वरंग ठीक होता. उत्तररंगांत मात्र बुवांनीं भगवंताला बाजूला बसविलें आणि ख्रिस्ती लोकांना धारेवर धरलें. हे लोक तीन देव मानतात, सुळावर मेलेल्या एका माणसाला पूजतात, देवळांत बसून मांस खातात व रक्त पितात, आणि दुधाची भुकटी वाटून भोळ्या लोकांना बाटवितात, असा चार कलमांचा खटला त्यांनीं भर देवळांत चालविला. फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, न्यायाधीशही तेच! आरोपीला बोलवावें असें कोणास वाटलें नाहीं. लोकांनीं टाळ्या पिटल्या, ताटांत पैसे टाकले, आणि बुवा दक्षिणा बांधून पुढच्या गांवीं गेले. मागें काय राहिलें तें ऐका.

आमच्या गांवांत ख्रिस्ती घर एकच, गवंड्याचें. त्याच्या आज्यानें बाप्तिस्मा घेतला. गांवांतील निम्म्या भिंती या घराच्या ओळंब्याखालून उभ्या राहिल्या आहेत. ज्या सभामंडपांत बसून लोकांनीं टाळ्या पिटल्या त्याची फरशीही यानेंच बसविली. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशीं दोघां शेतकऱ्यांनीं त्याला दिलेला इसार परत मागितला. शाळेंत पोरें त्याच्या नातवाला ‘रक्तपित्या’ म्हणूं लागलीं. चावडीवर गोष्ट निघाली कीं, यापुढें याला गांवांत काम देऊं नये.

मीं चावडीवर एकच प्रश्न विचारला : बाबांनो, हे लोक काय मानतात तें तुमच्यापैकीं कोण सांगेल? कोणीच बोलेना. शेजाऱ्याच्या बैलाचें कोणतें शिंग मोडकें हें आम्हांला पाठ, आणि तीन पिढ्या शेजारीं राहणारा माणूस कोणत्या देवाला कशासाठीं हांक मारतो हें ठाऊक नाहीं! म्हणून हा लेख. मी ख्रिस्ती नाहीं, होणारही नाहीं. जोतीरावांनीं सांगितलेल्या एका निर्मिकापुढें माझी मान लवते, तेवढें मला पुरतें. परंतु सत्य शोधूं म्हणणाऱ्यानें दुसऱ्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून ऐकलें पाहिजे, हा पहिला धडा आहे. तो न शिकतां पुढचे धडे घोकून उपयोग काय?

आतां पहिलें कलम : तीन देव. हें धादांत खोटें आहे. देव एकच, त्यानेंच आकाश, माती, पाणी व माणूस निर्माण केला, दुसऱ्या कशाचीही पूजा करूं नये, ही त्यांच्या धर्माची पहिली शपथ. ती त्यांनीं यहुदी लोकांपासून घेतली, कारण ख्रिस्त स्वतः यहुदी होता. मात्र हा एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा तीन रूपांनीं आहे. म्हणजे एकानें तीन सोंगें घेतलीं असेंही नव्हे, व तीन वेगळे देव आहेत असेंही नव्हे, असें ते मानतात. याला ते त्रैक्य म्हणतात. हें बुद्धीला कसें उमगावें? न उमगण्याची तक्रार त्यांच्यांतही जुनीच आहे. आरियस नांवाचा पाद्री म्हणे कीं, पुत्र हा पित्यानें निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नव्हे. तंटा एवढा वाढला कीं, इ. स. ३२५ त रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन यानें निकिया येथें, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांत, धर्माध्यक्षांची सभा बोलावली, आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असा ठराव झाला. त्यावरून तयार झालेला विश्वासाचा जाहीरनामा ख्रिस्ती देवळांतून अजून म्हटला जातो. पुढें ऑगस्टिन नांवाच्या त्यांच्या आफ्रिकेंतील पंडितानें या एका विषयावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. हा सिद्धांत न मानणारा युनिटेरियन नांवाचा पंथही निघाला, आणि आपले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डला शिकले ते त्याच पंथाच्या विद्यालयांत. मलाही हें त्रैक्य पटत नाहीं. पण न पटणें वेगळें, आणि ‘ते तीन देव पूजतात’ अशी खोटी फिर्याद करणें वेगळें. तेहतीस कोटींच्या वतीनें ही फिर्याद करावी हें तर आणखीच नवल!

दुसरें कलम मोठें आहे, कारण सगळा ख्रिस्ती धर्म त्यांत सामावला आहे. हा सुळावर मेलेला माणूस कोण?

हा सुताराच्या घरचा. गालील प्रांतांतल्या नासरेथ नांवाच्या खेड्यांत वाढला व स्वतः सुतारकी करी. वाचकांत सुतार असतील त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, जगांतील कोट्यवधि लोक ज्याला देवाचा पुत्र म्हणतात त्याच्या तळहाताला वाकसाचे घट्टे होते. त्याचे पहिले सोबती मासे धरणारे कोळी. त्याचें मत पुढें देशोदेशीं नेणारा पौल तंबू करून पोट भरी. सुमारें तीस वर्षांचा असतां येशू गांवोगांव हिंडूं लागला. महारोग्यांना तो हात लावी. जकातदार म्हणून लोक ज्यांच्यावर थुंकत त्यांच्या पंगतीला बसे. बायकांशीं उघड बोले. त्याचे शिष्य हात न धुतां जेवतात, अशी सोंवळ्या मंडळींनीं तक्रार केली, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, बाहेरून तोंडांत जाणाऱ्या कशानेंही माणूस विटाळत नाहीं, काळजांतून बाहेर येणाऱ्या लबाडीनें, लोभानें व दुष्टाईनें विटाळतो. वाचकहो, हें वाक्य जर आपल्या देशांत दोन हजार वर्षांपूर्वीं कोणी पाणवठ्यावर लिहून ठेवलें असतें, तर किती पिढ्यांची तहान भागली असती!

ख्रिस्ती मतांत पाप म्हणजे काय, तें यावरून कळेल. स्पर्शानें, अन्नानें, सावलीनें लागणारें तें पाप नव्हे. देवापासून तोंड फिरविणें व शेजाऱ्याला दुखविणें हें पाप. साऱ्या धर्मशास्त्राचें सार येशूनें दोन आज्ञांत सांगितलें : देवावर संपूर्ण जिवानें प्रीति करा, आणि शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणें. ‘शेजारी कोण?’ असें एका शास्त्र्यानें विचारलें, तेव्हां त्यानें एक गोष्ट सांगितली. एका वाटसरूला चोरांनीं लुटून अर्धमेला टाकला. त्याच्याच धर्माचा याजक आला, बघून पलीकडून गेला. देवळाचा दुसरा सेवक आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत. त्यानें जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेंत नेला व खर्चाचे पैसे दिले. आतां सांग, शेजारी कोण ठरला? शास्त्र्याला त्या जातीचें नांव घेववेना, ‘ज्यानें दया केली तो’ एवढेंच म्हणून त्यानें वेळ मारून नेली. ही गोष्ट मी दरवर्षीं शाळेंत सांगतों, आणि शोमरोनी म्हणजे कोण हें पोरांना फोड करून सांगावें लागत नाहीं.

पाप झालें तर सुटका कशी? येथें त्यांच्या धर्माचा गाभा आहे, आणि तो येशूनें शेतकऱ्याच्या घरच्या गोष्टींत सांगितला. एका बापाला दोन पोरें. धाकट्यानें बाप जिवंत असतां वाटणी मागितली, पैसा घेऊन परमुलखांत गेला व चैनींत उडविला. दुष्काळ पडला तेव्हां डुकरें राखायची पाळी आली. म्हणाला, घरीं जाईन आणि चाकर म्हणून राहीन. बापानें त्याला लांबून पाहिलें. म्हातारा धांवत गेला, गळ्यांत पडला, अंगावर चांगलें वस्त्र घातलें, बोटांत अंगठी घातली व पंगत बसविली. पोराचें ‘मी चुकलों’ हें म्हणणें पुरतें संपूंही दिलें नाहीं. प्रायश्चित्त नाहीं, पंचगव्य नाहीं, गोदान नाहीं, जातजेवण नाहीं, मध्यें पंचांग घेऊन बसलेला कोणी नाहीं! याला ख्रिस्ती लोक देवाची कृपा म्हणतात. ती मिळविता येत नाहीं, विकत घेतां येत नाहीं, ती देणाऱ्याच्या मायेनें मिळते. घेणाऱ्यानें फक्त मागें फिरायचें.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. थोरला मुलगा शेतांतून आला, वाजंत्री ऐकली आणि रुसून दाराबाहेर उभा राहिला. मी इतकीं वर्षें राबलों, मला कधीं करडूं कापलें नाहीं, आणि या उधळ्याला मेजवानी! बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आला. तो आंत गेला कीं नाहीं, हें येशूनें सांगितलेलें नाहीं. आपल्याकडे हा थोरला भाऊ फार बळावलेला. १८४३ च्या सुमारास मुंबईंत श्रीपत शेषाद्री नांवाचा ब्राह्मणाचा मुलगा कांहीं दिवस मिशनऱ्यांच्या घरीं राहून बापाकडे परत आला. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तरी त्याला जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून केवढें रण माजलें! बाळशास्त्री जांभेकरांनीं पोराची बाजू घेतली, तर सनातन्यांचा रोष त्यांनाच सोसावा लागला. बाप दार उघडायला तयार, आणि भाऊबंद कडी लावून बसलेले.

आतां तो सुळावर कां गेला? सणाच्या दिवसांत येशू यरुशलेमच्या मोठ्या देवळांत शिरला. तेथें यात्रेकरूंचीं नाणीं बदलून देणारे सराफ व बळीचीं कबुतरें विकणारे बसलेले. त्यानें त्यांचीं मेजें उलथून टाकलीं. देवाच्या दारांतला बाजार मोडणाऱ्याचें काय होतें हें आपल्याला सांगायला नको. याजकांच्या पुढाऱ्यांनीं तक्रार केली, व पंतय पिलात नांवाच्या रोमन सुभेदारानें त्याला क्रुसावर खिळलें. क्रूस ही गुलामांना व बंडखोरांना द्यायची रोमन शिक्षा. या मृत्यूचा दोष साऱ्या यहुदी जातीवर लादून ख्रिस्ती राजांनीं व पाद्र्यांनीं शेंकडों वर्षें त्यांचा छळ केला. तो दोष सर्व यहुद्यांवर लादतां येत नाहीं, असें रोमच्या धर्मसभेनें १९६५ त जाहीर केलें. फार उशीरा केलें, तरी केलें.

ख्रिस्ती लोक मानतात कीं, हा मृत्यु नुसता खून नव्हता. तो साऱ्या मनुष्यांच्या पापांसाठीं होता. कसा, याचा खुलासा मात्र निरनिराळा. इंग्लंडांतील आन्सेल्म यानें सुमारें १०९८ त असा हिशेब मांडला कीं, देवाचें देणें माणसाला फेडवेना, म्हणून देवानेंच माणूस होऊन तें फेडलें. म्हणजे घर लिलांवांत निघालें असतां सावकारानेंच जामीन व्हावें तसें. त्यानंतर कांहीं दशकांनीं फ्रान्सांतील आबेलार म्हणाला कीं, ती देवाच्या प्रीतीची पराकाष्ठा होय. ती पाहून माणसाचें काळीज वितळावें, हाच तिचा गुण. मला विचाराल तर दुसरा खुलासा बरा. क्षमा करण्याआधीं देवाला रक्त कशाला लागावें? गोष्टींतल्या बापाला लागलें नाहीं. तसेंच, आदाम नांवाच्या पहिल्या माणसानें आज्ञा मोडली म्हणून त्याच्या सगळ्या वंशाला पापाचा डाग लागला, असें पश्चिमेकडील ख्रिस्ती पंथ शिकवितात. हें ऐकून मला आज्याच्या अंगठ्यावर नातवाची जमीन ओढणारी सावकाराची वही आठवते! पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथ म्हणतो कीं, आदामापासून आम्हांला मरण व दुबळेपणा मिळाला, त्याचा अपराध नव्हे. तेंच मला शहाणपणाचें दिसतें.

आणि शेवटीं, तिसऱ्या दिवशीं तो पुन्हां उठला, असें ते मानतात. ही गोष्ट त्यांच्या धर्माचा कणा आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट, अशा अर्थाचें पौलानें स्वच्छ लिहून ठेवलें आहे. म्हणून बुवांचें ‘मेलेल्याला पूजतात’ हें म्हणणें त्यांच्या दृष्टीनें अगदीं उलटें. ते त्याला जिवंत समजून हांक मारतात. आपणही शेवटीं उठणार व प्रत्येकाच्या करणीचा निवाडा होणार, असें ते मानतात, म्हणून प्रेत पुरण्याची त्यांची जुनी चाल. मी हा चमत्कार मानीत नाहीं. तरी एक पाहून ठेवलें आहे. रिकामी कबर पहिल्यानें कोणी पाहिली? बायकांनीं. त्या काळीं बाईच्या साक्षीला फारशी किंमत नसतांना त्यांनीं ही गोष्ट तशीच लिहून ठेवली. मग रोमच्या पंथांत बाईला अजून पाद्री कां होऊं देत नाहींत, हें त्यांनीं आपल्याच पुस्तकाला विचारावें.

तिसरें कलम : रक्तमांस. मरण्याच्या आदल्या रात्रीं येशूनें सोबत्यांबरोबर शेवटचें जेवण केलें. भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा पेला दिला, हें माझें शरीर, हें माझें रक्त, माझ्या आठवणीसाठीं हें करीत जा, असें सांगितलें. तोच प्रभुभोजनाचा विधि. भाकरीचें व रसाचें मूळ तत्त्व पालटून तें ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतें, बाहेरचें रूप तेवढें राहतें, असें रोमन कॅथॉलिक मानतात. ही केवळ आठवण आहे, असें पुष्कळ प्रॉटेस्टंट म्हणतात. या एका गोष्टीवरून ल्यूथर व झ्विंग्ली हे दोघे सुधारक १५२९ त एकमेकांपासून फुटले. पण ताटांत असते ती भाकर, आणि पेल्यांत असतो तो द्राक्षांचा रस. ‘हे माणसाचें मांस खातात’ ही कंडी अठराशें वर्षांपूर्वीं रोमन लोकांनीं पिकविली होती. बुवांनीं एवढी शिळी कढी कोठून आणली कोण जाणे!

भाकरीवरून विहिरीची गोष्ट आठवली. वसईकडे व गोव्याकडे म्हातारे सांगत कीं, फिरंग्यांनीं विहिरींत पाव टाकला, गांवानें नकळत तें पाणी प्यालें, आणि सारा गांव बाटला. खरी असो वा रचलेली, या गोष्टीकडे नीट पाहा. पाव टाकला फिरंग्यानें, हें मान्य. पण पाण्यांत भिजलेल्या पावानें तुमचा धर्म बुडाला, आतां तुम्हांला परत दार नाहीं, हा निकाल दिला कोणी? ख्रिस्ती पुस्तकांत तर पाव गिळून कोणी ख्रिस्ती होत नाहीं. विश्वास व बाप्तिस्मा लागतो. म्हणजे ते लोक ख्रिस्ती झाले ते आपल्या धर्मशास्त्र्यांच्या लेखीं! एका तुकड्यानें विरघळणारा धर्म तो कसला धर्म? फिरंग्यांची जुलूमजबरदस्ती मी झांकीत नाहीं. गोव्यांत देवळें पाडलीं, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडून, इन्क्विझिशन नांवाची धर्मकचेरी चालविली व माणसें छळलीं. शेजाऱ्यावर प्रीति करा म्हणणाऱ्याच्या नांवानें हें झालें. याला कोणत्याही पुस्तकाचा आधार नाहीं, आणि याची सबब कोणी सांगूं नये. तशीच आमच्या गवंड्याच्या माथीं ती कोणी मारूं नये. त्याचा आजा फिरंग्याच्या तलवारीखालून गेलेला नव्हे.

मग तो कां गेला? येथें बुवांचें चौथें कलम येतें : पोटासाठीं. वाचकहो, या कलमांतली मेख पाहा. १८८३ त पंडिता रमाबाईंनीं विलायतेंत बाप्तिस्मा घेतला. १८९५ त नारायण वामन टिळकांनीं मुंबईंत घेतला. हे दोघे जन्मानें ब्राह्मण. त्यांच्यावर त्यांच्या जातीनें राग केला, पण त्यांनीं सत्याच्या शोधांत धर्म पालटला हें आज सारे कबूल करतात, आणि तें खरेंही आहे. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत आणलें. टिळकांच्या कविता शाळेंत शिकवितात. मग महार, मांग बापडा ख्रिस्ती झाला कीं तो मात्र भाताच्या मुठीसाठीं! शोध करण्याचा हक्कही जन्मावरच ठरतो काय? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत उपाशी लोक मिशनच्या दाराशीं गेले, हें खरें. पण ते उपाशी असतांना ज्यांचीं पेवें भरलेलीं होतीं त्यांनीं कोणता धर्म पाळला? मेलेल्याला पिंड देणाऱ्यानें जित्याला भाकर देणाऱ्याला नांवें ठेवावीं काय? गवंड्याचा आजा कां गेला, हें त्यानें नातवाला सांगून ठेवलें आहे. मिशनच्या शाळेंत त्याला बाकावर बसविलें. गांवच्या शाळेंत तो ओट्याखालीं बसे. एवढेंच कारण. यांत दुधाची भुकटी कोठें आली?

आतां पाद्री मंडळींकडे वळतों, नाहींतर ते म्हणतील मास्तर आमचा भाट झाला. तुमचें पुस्तक सांगतें कीं, ख्रिस्ताच्या ठायीं यहुदी आणि परका, दास आणि धनी हा भेद उरला नाहीं. मग गोव्यांत बामण, चारडो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यांत कां विरघळले नाहींत? रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन पाद्री १६०६ त मदुरेला येऊन ब्राह्मण संन्याशासारखा राहिला, आणि १६२३ त खुद्द पोपनें ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवें व शेंडी ठेवायला मुभा दिली. सुताराच्या पोराच्या देवळांत जानवें! दक्षिणेंत कित्येक ठिकाणीं देवळांत बाकें वेगळीं व दफनभूमि वेगळी राहिली. आणि दलाली? देवाची कृपा फुकट म्हणणाऱ्या त्याच धर्मांत पापमुक्तीच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन विकल्या गेल्या. मेलेल्या आईबापांची शिक्षाही पैशानें कमी होते म्हणून पाद्री गांवोगांव सांगत हिंडले. आपल्या गरुडपुराणाच्या वाचनाहून यांत फरक तो काय? त्याविरुद्ध १५१७ त मार्टिन ल्यूथर या साधूनें पंच्याण्णव मुद्दे लिहिले, व सारा युरोप दुभंगला. ल्यूथर स्वतः खाणींत काम करणाऱ्याचा मुलगा. त्यानें नवा करार लोकांच्या जर्मन भाषेंत आणला, कीं नांगऱ्यानेंही तो वाचावा. म्हणजे जो रोग आपल्याला तोच त्यांना होता. त्यांनीं औषध घेतलें. १९९९ त रोमन कॅथॉलिक व ल्यूथरच्या पंथानें मिळून लिहून दिलें कीं, माणूस तरतो तो देवाच्या कृपेनें, स्वतःच्या पुण्याच्या जोरावर नव्हे. तंटा मिटायला चारशें ब्याऐंशी वर्षें लागलीं.

सरकारही या घोळांत मागें नाहीं. १९५० च्या हुकुमानें अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ त शिखांना व १९९० त बौद्धांना तो दिला. ख्रिस्ती झालेल्या महारमांगाला मात्र नाहीं. कारण काय, तर ख्रिस्ती मतांत जात नाहीं! पुस्तकांत नाहीं हें खरें, पण गांवांत? आमच्या गवंड्याला पाणी वरून वाढणारे हात पुस्तक वाचून वाढीत नव्हते.

जोतीराव या सर्वांना ओळखून होते. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आले, आणि १८४८ त पुण्यास मुलींची शाळा काढली. ‘गुलामगिरी’त त्यांनीं येशूला बळीराजाच्या पंक्तीला बसविलें. दीनदुबळ्यांचा कैवारी याहून मोठा मान शेतकऱ्याच्या घरीं दुसरा नाहीं. तरी त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. १८७३ त सत्यशोधक समाज काढला. जें घ्यायचें तें उघडपणें घेतलें, जें पटलें नाहीं तें उघडपणें सोडलें. त्यांच्या मागें १८९१ त छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनीं असें घर रंगविलें आहे कीं, आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी, आणि सारे एकमेकांशीं प्रेमानें राहतात. आम्ही एका घरांत काय, एका गांवांतही राहूं देत नाहीं. २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. त्यांनीं सबंध बायबल सोप्या मराठींत उतरविलें होतें, आणि त्याला साहित्य अकादमीचें बक्षीसही मिळालें होतें. पण पाद्री कशाला अध्यक्ष, म्हणून ओरड झालीच. तेथें मोठमोठे शिकलेले लोक ओरडले, मग आमच्या चावडीवरच्या लोकांना मी काय बोल लावूं?

तरी लावतोंच. ज्यांनीं इसार परत मागितला त्यांपैकीं एकानें हा मजकूर मजकडून कच्चा असतांना ऐकला व दुसऱ्या दिवशीं इसार पुन्हां नेऊन दिला. दुसरा अजून विचार करतो आहे. त्याची भिंत जोत्यावर उघडी आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे. येत्या सोमवारीं चावडीवर काम बंद करण्याची गोष्ट पुन्हां निघणार, असें ऐकतों. मी तेथें जाणार. गवंडीही येणार, आणि त्याचें पुस्तक घेऊन येणार. ज्याला जें विचारायचें तें त्यालाच विचारावें. बुवांना या लेखाचा अंक टपालानें पाठविण्याची तजवीज केली आहे. त्यांना यांतील एकही गोष्ट खोटी वाटत असेल, तर त्यांनीं याच पत्राच्या रकान्यांत उत्तर लिहावें. फक्त ताट फिरवूं नये.

— एक खेडवळ मास्तर